जुनाट कंबरदुखीसाठी मानसोपचाराची मदत कशी घ्यावी

कंबरदुखी तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली, म्हणजे तिला जुनाट म्हटले जाते, आणि त्या टप्प्यावर आल्यानंतर केवळ गोळ्या, इंजेक्शने, शेक आणि पट्टा यांवर विसंबून राहणाऱ्या माणसाच्या पदरी बहुधा निराशाच येते. कोल्हापूर जिल्ह्यात ही निराशा अनेक घरांत दिसते. हुपरीत जमिनीवर बसून चांदीचे दागिने घडवणारा कारागीर, इचलकरंजीत रात्रपाळीला यंत्रमागावर उभा राहणारा कामगार, गगनबावड्याच्या पावसात दिवसभर वाकून भाताची रोपलावण करणारी बाई, शिरोलीच्या फौंड्रीतला मोल्डर आणि शाहूपुरीतल्या बँकेत खुर्चीवर बसणारी अधिकारी यांची कामे एकमेकांशी जुळत नाहीत, पण "सगळं करून झालं, आता काय राहिलं?" हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी सारखाच असतो. राहिलेला, आणि आपल्याकडे फार कमी वापरला गेलेला उपाय म्हणजे मानसोपचाराचा. तो नेमका कसा वापरायचा, हे या लेखात सांगायचे आहे.

एक गैरसमज आधी दूर करणे भाग आहे. मानसोपचार सुचवला म्हणजे "तुमचे दुखणे मनाचे आहे, खरे नाही" असा अर्थ होत नाही. वेदना नेहमी खरीच असते. मात्र ती कंबरेत जाणवत असली तरी तिची जाणीव मेंदू आणि मज्जासंस्था घडवतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तापासून हे स्पष्ट होत गेले की मज्जारज्जूतून वर जाणारे वेदनेचे संदेश वाटेतच कमी किंवा जास्त होऊ शकतात आणि भीती, लक्ष, थकवा, झोप, मनावरचा ताण या सर्वांचा त्यावर परिणाम होतो. सुरुवातीची इजा भरून आल्यानंतरही मज्जासंस्था अतिसंवेदनशील राहिली, तर साध्या वाकण्यालाही ती धोका समजते आणि पूर्वीइतकीच तीव्र वेदना निर्माण करते. ही संवेदनशीलता हळूहळू कमी करणे, हे येथे सांगितलेल्या सर्व उपायांचे काम आहे.

आधी कोणती खात्री करून घ्यावी

मानसोपचाराकडे वळण्यापूर्वी डॉक्टरांकडून एकदा नीट तपासणी झालेली असलीच पाहिजे. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, लघवी अडणे, मांड्यांच्या मधला आणि बैठकीचा भाग बधिर होणे, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होणे, यांपैकी काहीही घडले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एक रात्रही थांबू नये. ताप, कारण नसताना घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडणे किंवा अपघात, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडची औषधे, वय झालेल्या माणसाची ठिसूळ हाडे, ही लक्षणे किंवा पूर्वेतिहास असल्यास तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो, म्हणून संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि कंबरदुखी हे एकत्र आले तर त्याकडे काणाडोळा करू नये. हे सारे नाही याची खात्री झाली, की पुढची वाट मोकळी होते.

एमआरआयच्या अहवालाबद्दलही येथेच सांगणे आवश्यक आहे, कारण माझ्या मते आपल्याकडच्या कंबरदुखीत जितकी भीती त्या कागदामुळे शिरते, तितकी दुसऱ्या कशामुळे शिरत नाही. "मणक्यात गॅप आहे", "गादी सरकली आहे", "नस दबली आहे" ही वाक्ये एकदा कानावर पडली की माणूस स्वतःला कायमचा मोडलेला समजू लागतो. प्रत्यक्षात 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे अहवाल पाहिले गेले. त्यात वयाच्या विशीतल्या 37 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ऐंशीच्या घरात हे प्रमाण 96 टक्के होते. गादी बाहेर आलेली असणे हेसुद्धा विशीत 30 टक्के आणि ऐंशीत 84 टक्के लोकांमध्ये, कोणतीही तक्रार नसताना दिसून आले. म्हणजे केस पांढरे होतात तसेच हे बदलही बऱ्याच अंशी वयाचे असतात. आपल्या अहवालातला कोणता बदल खरोखर आपल्या वेदनेशी जुळतो आणि कोणता नाही, हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारावा आणि मिळालेले उत्तर लिहून घ्यावे. पुढे विचारांवर काम करताना हे उत्तर उपयोगी पडते.

या उपायांमागे पुरावा काय आहे

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीच्या शस्त्रक्रियेविना उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णाला नीट माहिती देणे, व्यायाम आणि बोधात्मक वर्तनोपचारासारखे, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारे, मानसोपचार यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा, वजन लावून मणका ताणणे आणि अफूजन्य वेदनाशामके यांचा नित्य वापर करू नये, असेही त्यांत म्हटले आहे. आपल्याकडे नेमका याच्या उलट क्रम चालतो, याचे वाईट वाटते.

अमेरिकेत 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 342 प्रौढांना तीन गटांत विभागले गेले. सजगतेचे, म्हणजे शरीरात आणि मनात या क्षणी जे चालले आहे ते न झगडता पाहण्याचे, आठ आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी सुमारे 61 टक्के आणि बोधात्मक वर्तनोपचार घेतलेल्यांपैकी सुमारे 58 टक्के लोकांच्या रोजच्या हालचालींत सहा महिन्यांनी अर्थपूर्ण सुधारणा दिसली. नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण 44 टक्के होते. या आकड्यांतून दोन्ही बाजू दिसतात. उपाय काम करतो, पण प्रत्येकावर करत नाही, आणि काही जण त्याच्याविनाही सुधारतात. सरासरी फायदा लहान ते मध्यम असतो, हे आधीच माहीत असले तर मनाची फसगत होत नाही.

ऑस्ट्रेलियात 492 रुग्णांवर झालेली आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मला आपल्या जिल्ह्यासाठी अधिक मोलाची वाटते. त्यात रुग्णाची भीती, हालचालींच्या सवयी आणि जीवनशैली या तिन्हींवर एकत्र काम केले गेले आणि ते काम मानसशास्त्रज्ञांनी नव्हे, तर खास प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टनी केले. बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात सत्रे आणि सहा महिन्यांनी उजळणीचे एक सत्र एवढ्यावर झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. तालुक्याच्या गावी मानसशास्त्रज्ञ मिळणे कठीण असते, फिजिओथेरपिस्ट मात्र बहुधा मिळतो. म्हणून हा निष्कर्ष आपल्या उपयोगाचा आहे.

अशा चाचण्यांत भाग घेणारे लोक बहुतेक वेळा शिकलेले आणि बऱ्यापैकी सुस्थितीतले असतात, हा आक्षेप योग्य आहे. त्याला उत्तर देणारे एक काम अमेरिकेतील अलाबामा राज्यात झाले. तेथे कमी उत्पन्नाच्या, कमी शिकलेल्या आणि बहुसंख्येने कृष्णवर्णीय असलेल्या 290 रुग्णांसाठी उपचाराची भाषा सोपी करण्यात आली, लिहिण्याचे काम कमी केले गेले आणि दहा आठवडे गटात बसून सत्रे घेतली गेली. 2018 मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार, असा सोपा केलेला वर्तनोपचार घेतलेले आणि तितक्याच सोप्या भाषेत वेदनेविषयीची माहिती मिळालेले, असे दोन्ही गट उपचार संपताना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरे होते. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्यासाठी हा उपाय नाही, असे म्हणण्याचे कारण त्यामुळे उरत नाही. वहीऐवजी मोबाइलमध्ये स्वतःचा आवाज नोंदवला तरी काम भागते.

पहिला आठवडा: फक्त नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नये. दिवसातून तीन वेळा, सकाळी उठल्यावर, दुपारी आणि रात्री निजण्यापूर्वी, चार गोष्टी टिपाव्यात: वेदना किती, त्या वेळी काय चालले होते, मनात कोणते वाक्य आले आणि त्यानंतर आपण काय केले. वेदना शून्य ते दहा या आकड्यांत मोजण्याची पद्धत दवाखान्यांत असते, पण जुन्या पिढीतल्या माणसांना ती परकी वाटते. त्यांनी रुपयात किती आणे दुखते, असे लिहावे. "आज बारा आणे होते, चालून आल्यावर आठ आण्यांवर आले" ही नोंद तितकीच शास्त्रशुद्ध आहे.

नोंद करताना वेदनेपेक्षा कामाकडे अधिक लक्ष द्यावे. किती वेळ बसता आले, रंकाळ्याच्या काठाने किती अंतर चालता आले, नातवाला उचलता आले का, एसटीने किती प्रवास झाला, हे आकडे अधिक विश्वासार्ह असतात. या उपचारांत बहुतेकांचे काम आधी वाढते आणि वेदना मागाहून, काही वेळा बरीच मागाहून, उतरते. ज्याने केवळ वेदनाच मोजली, तो तिसऱ्या आठवड्यात नाउमेद होऊन उपाय सोडतो.

आठवड्याच्या शेवटी या नोंदीवरून एक उद्दिष्ट ठरवावे, आणि ते स्वतःच्या आयुष्यातले असावे. "कंबर बरी व्हावी" हे उद्दिष्ट होत नाही. "चैत्र यात्रेपर्यंत जोतिबाच्या डोंगरावर पायऱ्या चढून दर्शन घ्यायचे" किंवा "पोरीच्या लग्नात मांडवात दोन तास उभे राहायचे" हे उद्दिष्ट होते, कारण ते गाठले की नाही हे कोणालाही सांगता येते.

मनातल्या वाक्यांवर काम

विवेकनिष्ठ मानसोपचार ही पद्धत मराठी वाचकांच्या बऱ्यापैकी ओळखीची आहे. बोधात्मक वर्तनोपचार तिच्याच कुळातला आहे. त्याचे सूत्र असे, की घटना आणि आपली प्रतिक्रिया यांच्यामध्ये एक विचार असतो, तो इतका झरकन येऊन जातो की तो विचार आहे हेच लक्षात येत नाही, आणि जुनाट वेदनेत हा विचार बहुधा सर्वनाशाचा असतो.

समजा, इचलकरंजीतला पंचेचाळिशीतला एक यंत्रमाग कामगार रात्रपाळी करून आला, चार तास झोपला आणि उठताना त्याची कंबर धरली. त्याच्या नोंदीत वाक्य आहे: "गॅप वाढला. आता अंथरूण धरणार. पगार बुडाला की हप्ता थकला." या वाक्यानंतर तो पुन्हा आडवा झाला, पट्टा आवळला आणि दोन दिवस कामावर गेला नाही. आता त्याने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. गॅप वाढला, याला आज सकाळचा पुरावा काय? याआधी अशी कंबर धरली, तेव्हा किती तासांनी मोकळी झाली होती? झोप कमी झाली, थंडी होती किंवा काल जादा वेळ उभे राहावे लागले, यांपैकी कोणते कारण शक्य आहे? माझ्या भावाने हेच वाक्य माझ्यापाशी उच्चारले असते, तर मी त्याला काय म्हटले असते? उत्तरे मिळाल्यावर नवे वाक्य तयार करावे: "चार तास झोपल्यावर कंबर आखडतेच. मागच्या वेळी गरम पाण्याने अंघोळ करून गल्लीत फेरी मारल्यावर दुपारपर्यंत सुटली होती. आज कामावर जातो, मात्र दर तासाला दोन मिनिटे कंबर हलवतो."

येथे एका गोष्टीचे भान ठेवावे. नवे वाक्य गोड असण्याची गरज नाही, ते पटणारे असले पाहिजे. "मी ठणठणीत आहे" असे स्वतःला बजावणारा माणूस पुढच्या चमकेला पुन्हा कोसळतो. "दुखेल, पण त्याने इजा होत नाही, आणि हे उतरते हे मी पाहिले आहे" असे म्हणणारा टिकतो. शिवाय प्रत्येक काळजी अविवेकी नसते. हप्ता थकण्याची भीती खरी असेल, तर तिच्यावर विचारांची नव्हे, व्यवहाराची तोड काढावी लागते. मालकाशी पाळी बदलण्याविषयी बोलणे हासुद्धा या उपचाराचाच भाग मानावा.

कामाची वाटणी आणि वाढ

जुनाट कंबरदुखीच्या बहुतेक माणसांचे दिवस एकाच चक्रात जातात. बरे वाटते त्या दिवशी साचलेले सगळे काम उरकले जाते आणि त्यापायी पुढचे दोन दिवस आडवे पडून जातात. हळूहळू मेंदूला काम म्हणजे वेदना, असे शिकवले जाते. हे चक्र तोडण्यासाठी विश्रांतीची वेळ वेदनेने नव्हे, तर घड्याळाने ठरवावी लागते.

हुपरीच्या चांदी कारागिराचेच उदाहरण घेऊ. ऑर्डर पुरी करायची म्हणून तो सलग तीन तास मांडी घालून बसतो आणि उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागतो. त्याने तीन दिवस फक्त पाहावे, की बसल्यापासून किती मिनिटांनी दुखणे स्पष्ट वाढते. समजा 40, 55 आणि 40 मिनिटे अशी नोंद झाली, तर सरासरी 45 मिनिटे येते. त्याच्या सुमारे चार-पंचमांश, म्हणजे 35 मिनिटांवर मोबाइलचा गजर लावावा. गजर वाजला की दुखत असो वा नसो, हातातला नग खाली ठेवून उठावे, दारापर्यंत जाऊन यावे, पाणी प्यावे, कंबर मागे-पुढे आणि बाजूंना हलवावी आणि चार-पाच मिनिटांनी पुन्हा बसावे. दुखत नसताना उठणे हाच यातला कठीण भाग आहे, आणि तोच महत्त्वाचा आहे. आठवडाभर हे जमले, की गजर 40 मिनिटांवर न्यावा. एखादा दिवस उत्तम गेला म्हणून एकदम तासभर बसू नये, आणि एखादा दिवस वाईट गेला म्हणून 20 मिनिटांवर उतरू नये.

नगावर मजुरी मिळणाऱ्या माणसाला उठण्याची पाच मिनिटे महाग वाटतात, हे मी नाकारत नाही. त्याने आठवड्याचा हिशेब करून पाहावा. आडवे पडून गेलेले दिवस त्या हिशेबात धरले, म्हणजे पाच मिनिटांचे मोल कळते. ज्या बाईला घरकामातून उसंतच मिळत नाही, तिने विश्रांतीऐवजी कामांचा क्रम बदलावा: धुणे, झाडलोट आणि भांडी ही वाकून करायची कामे एका दमात न करता मध्ये भाजी निवडण्यासारखे बसून किंवा उभ्याने करायचे काम घ्यावे.

ज्या हालचालीची भीती बसली आहे, तिच्याकडे परतणे

वाकणे, उचलणे, उकिडवे बसणे यांची भीती एकदा बसली, की माणूस त्या हालचाली टाळतो, टाळल्याने स्नायू दुबळे होतात आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. हा गुंता सोडवण्याची रीत कोल्हापूरला नवी नाही. दुखापतीतून उठलेला मल्ल तालमीत परततो तेव्हा वस्ताद त्याला लगेच लढतीला उभा करत नाही. थोड्या बैठका, मग जोर, मग हलक्या जोडीदाराशी झोंबी, असे करत त्याला पुन्हा आखाड्यात आणतो. भीतीच्या हालचालींचेही तसेच करावे.

राधानगरीकडची एक शेतकरी बाई रोपलावणीला घाबरते, असे समजू. तिने आठ-दहा पायऱ्यांची एक शिडी तयार करावी. खुर्चीत बसून हात पावलांना लावणे ही सर्वांत खालची पायरी, मग उभ्याने वाकून जमिनीवरचा रुमाल उचलणे, मग रिकामी बादली, मग अर्धी भरलेली कळशी, मग परसात दहा मिनिटे वाकून खुरपणी, मग वैरणीचा लहान भारा, आणि शेवटी चिखलात अर्धा तास लावणी. प्रत्येक पायरीपूर्वी तिने एक अंदाज मोठ्याने म्हणावा किंवा लिहावा: "रुमाल उचलला की चमक भरेल आणि मला सरळ होता येणार नाही, याची खात्री रुपयात बारा आणे." मग ती हालचाल, श्वास न रोखता आणि अंग न आवळता, पाच-सहा वेळा करावी आणि काय घडले ते पाहावे. कदाचित थोडे दुखेल. पण सरळ होता आले. तीच पायरी रोज करत राहून खात्री चार आण्यांवर आली, की पुढची घ्यावी. अंदाज चुकीचा ठरल्याचा अनुभव मेंदूला जे शिकवतो, ते शंभर वेळा "घाबरू नका" म्हणण्याने शिकवता येत नाही. हालचालीनंतरची वाढलेली वेदना दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरत असेल, तर पायरी योग्य आहे. दोन दिवस टिकली, तर पायरी सोडून न देता ती लहान करावी. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ही शिडी चढणे सर्वांत चांगले.

श्वास, सजगता आणि झोप

दिवसातून दोनदा, दहा मिनिटे, पाठीवर झोपून आणि गुडघ्यांखाली उशी घेऊन श्वासाचा सराव करावा. हात पोटावर ठेवून श्वास घेताना पोट वर येऊ द्यावे, मनात चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. त्यानंतर पायांच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका भागावर लक्ष नेत जावे. कंबरेपाशी आल्यावर घाई करू नये. तेथे उष्णता आहे, ओढ आहे की ठणका, ती पसरते की एका जागी राहते, हे फक्त पाहावे, तिच्याशी झगडू नये. ही पद्धत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत वेदनाग्रस्त रुग्णांसाठी आखली, पण तिच्या मुळाशी असलेली ध्यानपरंपरा आपलीच आहे. आपल्या जिल्ह्यात आळते येथे विपश्यनेचे केंद्र आहे, आणि अनेक जण कंबरदुखीसाठी तेथे जाण्याचा विचार करतात. दहा दिवसांचे शिबिर ही मोठी साधना आहे, तो वेदनेवरचा उपचारक्रम नव्हे. जायचेच असेल तर आपला त्रास आधी कळवून खुर्चीवर बसण्याची सोय विचारून घ्यावी.

झोपेविषयी थोडक्यात सांगतो. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, दुपारची झोप अर्ध्या तासापेक्षा जास्त नसावी, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा उठून बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परतावे. रात्रपाळी बदलत राहणाऱ्यांनी निदान एका आठवड्यापुरती तरी झोपेची वेळ स्थिर ठेवावी आणि दिवसा झोपताना खोली अंधारी करावी.

दाबून ठेवलेल्या भावना

काही माणसांच्या वेदनेत राग, अपमान किंवा दुःख गुंतलेले असते: भावकीतल्या जमिनीचा वाद, कामावरची अपघाती इजा आणि न मिळालेली भरपाई, लेकराचा मृत्यू. अमेरिकेत 60 वर्षांवरील 126 माजी सैनिकांवर झालेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा भावना ओळखून मोकळ्या करण्यावर भर देणारा उपचार घेतलेल्यांपैकी 63 टक्के जणांची वेदना किमान 30 टक्क्यांनी घटली. बोधात्मक वर्तनोपचाराच्या गटात हे प्रमाण 17 टक्के होते. घरोघरी सैनिक देणाऱ्या सैनिक टाकळीसारख्या गावांची परंपरा असलेल्या आपल्या जिल्ह्यात, जेथे पुरुषाने रडू नये असेच शिकवले जाते, तेथे या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करू नये. मात्र हे काम एकट्याने करण्याचे नाही. जुनी जखम उघडायची असेल, तर समोर प्रशिक्षित माणूस असावा.

घरच्यांचा वाटा

प्रेमापोटी घरची माणसे कंबरदुखीच्या माणसाचे नकळत नुकसान करतात. "आई, तू घागर उचलू नकोस, तू पड जरा" हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकणारी आई खरोखरच दुबळी होत जाते. उलट टोकाला, "सासूबाईंचं रोजचंच आहे" म्हणून तिचे दुखणे खोटे ठरवणारे घर तिला आणखी आखडून टाकते. याऐवजी घरच्यांनी वेदनेची चौकशी कमी आणि कामाची चौकशी जास्त करावी: "आई, आज किती वेळ चाललीस? उद्या मी येऊ बरोबर?" हा प्रश्न सर्वांत उपयोगी. उपचाराच्या पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीला घरातल्या एका माणसाला सोबत न्यावे, म्हणजे "डॉक्टरांनी वाकायला सांगितले" यावर घरात वाद होत नाही.

कोठे जावे आणि काय विचारावे

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाताई राजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असल्याने सुरुवात तेथून करता येते. अस्थिरोग विभागात तपासणी झाल्यावर मानसोपचार आणि भौतिकोपचार विभागांकडे चिठ्ठी मागावी. खासगी मानसशास्त्रज्ञाकडे जाणार असाल, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, जुनाट वेदनेच्या रुग्णांबरोबर काम केले आहे का, साधारण किती सत्रे लागतील आणि दोन सत्रांच्या मध्ये घरी काय करायचे असेल, हे चार प्रश्न संकोच न करता विचारावेत. साधारणपणे आठवड्याला एक अशी सहा ते बारा सत्रे असतात. घरचा अभ्यास न देणारा, केवळ धीर देणारा सल्लागार कंबरदुखीला पुरत नाही. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. वेदनेला कंटाळून जगणे नकोसे वाटू लागले, तर हा क्रमांक लगेच लावावा आणि घरातल्या कोणाला तरी तसे स्पष्ट सांगावे.

चालू असलेली औषधे मनाने बंद करू नयेत. ट्रामाडॉल, प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन यांसारखी औषधे अचानक थांबवल्यास त्रास होऊ शकतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करावी लागतात.

दुखणे उलटले, तर

सुधारणा सुरू झाल्यानंतरही एखाद्या दिवशी कंबर पुन्हा धरते, आणि त्या दिवशी सुचत काहीच नाही. म्हणून चांगल्या दिवशीच एक कागद तयार करून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा. त्यावर लिहावे: पहिल्या दिवशी काम निम्म्यावर आणायचे, पण शून्यावर नाही, दर दोन तासांनी घरातल्या घरात पाच मिनिटे चालायचे, दिवसातून तीनदा श्वासाचा सराव, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी सांगितली तेवढीच, नवा एमआरआय काढायला धावायचे नाही, मागच्या वेळी किती दिवसांत उतरले होते, तो आकडा. दुसऱ्या दिवसापासून काम थोडेथोडे वाढवत आठवड्याभरात आधीच्या पायरीवर यावे. पायातली ताकद नव्याने कमी झाली, बधिरपणा आला किंवा लघवीचा त्रास सुरू झाला, तर मात्र हा कागद बाजूला ठेवून थेट रुग्णालयात जावे, हे शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत लिहावे आणि तो कागद घरातल्या एका माणसाला एकदा वाचून दाखवावा.